सुरंगीच्या तीन कळ्या आणि याकूबनानांचा हज

समुद्र जिथे खाडीला कुशीत घेतो आणि माडांच्या झावळ्या दिवसभर एकमेकींशी कुजबुजतात, तिथल्या एका गावात सफूरा नावाची मुलगी राहत असे. आईबाप तिला आठवतही नव्हते. जवळचं असं माणूस एकच, तिच्या आईचे वडील, याकूबनाना. दोघांचं घर म्हणजे कुडाच्या चार भिंती आणि वर झापांचं छप्पर. वारा सुटला की छप्पर फडफडे आणि सफूराला वाटे, आपलं घर आता उडून जाणार.

नाना एकेकाळी मोठ्या गलबताचे तांडेल होते, सुकाणू त्यांच्या हाती असे. वारा कुठून येणार हे त्यांना नाकाला कळे. पण पुढे त्यांचे गुडघे धरले आणि समुद्र सुटला. आता चूल पेटायची ती सफूराच्या सुरंगीच्या फुलांवर. उजाडता उजाडता ती बागेत जाई, कळ्या काढी, उंबऱ्यात बसून त्यांचे वळेसर गुंफी आणि बाजारात नेऊन विकी. कधी दोन वेळचं भागे, कधी एकाच वेळचं.

नानांची इच्छा एकच होती. संध्याकाळी खाडीकडे तोंड करून ते म्हणत, "एवढे समुद्र पालथे घातले, बाळ. पण मक्केच्या वाटेला गलबत काही लागलं नाही. एकदा काबा डोळ्यांनी पाहावा आणि 'मी हजर आहे' म्हणावं, एवढंच राहिलंय."

सफूरा त्यांचे गुडघे चेपत राही.

एका सकाळी ती सुरंगीच्या झाडावर चढली. खालच्या फांद्या आदल्या दिवशीच रिकाम्या झाल्या होत्या. वरची एक फांदी मात्र पांढऱ्याशुभ्र, मोत्यांसारख्या कळ्यांनी नुसती लदबदली होती. सफूराने हात पुढे केला आणि तसाच थांबवला. पानाआड एक इवलंसं घरटं लोंबत होतं. त्यात शिंजीर पाखराची दोन पिल्लं चोची वासून बसली होती. फांदी हलली असती तर घरटं सुटून पडलं असतं.

"बसा गं बसा, तुमची फांदी तुम्हाला," ती हळूच म्हणाली आणि अर्धी टोपली घेऊन खाली उतरली.

तिचे पाय जमिनीला लागले, तोच झाडाच्या बुंध्याशी पिवळं पिवळं ऊन साचल्यासारखं झालं. त्या उन्हात बोटाएवढी परी उभी होती. केस सुरंगीच्या केसरासारखे सोनेरी, झगा पाकळीसारखा पांढरा, आणि पंख इतके पातळ की त्यांतून पलीकडची हिरवी पानं दिसत होती.

"घाबरू नकोस, सोनुले," परी म्हणाली. "ती फांदी माझ्या घराची. आजवर तिच्यापाशी थांबलेला हात तुझाच. माग, तुला काय हवं?"

सफूराने घटकाभर विचार केला. तिला नवा परकर हवा होता. गूळ हवा होता. पण तोंडून निघालं ते असं, "माझ्या नानांना हजला जायचंय."

परीने मूठ उघडली. तीन चिमुकल्या कळ्या. सफूराने त्या हुंगल्या, तर त्यांना वासच नव्हता.

"हाजींनी अत्तर लावायचं नसतं, म्हणून यांचा वास मी काढून ठेवलाय," परी म्हणाली. "नीट ऐक. पहिली कळी तुम्हाला नेईल. दुसरी तिथे नानांना लागेल तेव्हा वापर. तिसरी परतीची, ती सांभाळून ठेव. आणि नियम असे. निघण्याआधी नानांनी ज्याचं मन दुखवलं असेल त्याची माफी मागायची. वाटेत कुणाला उणं बोलायचं नाही, झाडाचं पान तोडायचं नाही, मुंगीलासुद्धा दुखवायचं नाही. यातलं एक जरी मोडलं, तर कळ्या सुकतील. देणारा अल्लाह आहे बरं, मी फक्त पोचवणारी."

सफूरा धावत घरी आली. नानांनी सगळं ऐकलं आणि कळ्या तळहातावर घेतल्या. मग काठी घेऊन उठले.

"कुठे, नाना?"

"सगुणाकडे."

सगुण पागी म्हणजे नानांचा जुना सोबती. दोघांनी एका गलबतावर उमर काढली होती. पण एकदा जाळ्यावरून बाचाबाची झाली, नाना नको ते बोलून गेले, आणि तेव्हापासून दोघांनी एकमेकांचं अंगण पाहिलं नव्हतं. सगुण जाळं विणत बसला होता. नानांना पाहून त्याचे हात थांबले.

"सगुणा, मी हजला निघालोय," नाना म्हणाले. "तुला बोललो होतो ते मनात घेऊन जाता येणार नाही. माफ कर."

सगुणने बसायला चटई सरकवली. "इतक्या वर्सांनी वाट गावली तुका," तो म्हणाला. त्याचा आवाज ओला झाला होता. "बस. माझा पण चुकलाच मा. थंयसर माझ्यासाठी पण काय ता माग." त्याने आत हाक मारून गुळाच्या खटखट्या लाडवांची पुरचुंडी आणवली आणि सफूराच्या ओटीत घातली.

दुसऱ्या सकाळी सफूराने पहिली कळी खाडीच्या पाण्यावर ठेवली. पाण्याला गुदगुल्या झाल्यासारखी ती थरथरली, फुगली, उमलली, आणि पाहता पाहता पांढऱ्या पाकळ्यांचं, सोनेरी शिडाचं एक सुरेख गलबत तिथे डुलू लागलं. सुकाणू मात्र कुणीतरी धरायला हवं होतं. नानांनी ते हाती घेतलं आणि त्यांची वाकलेली पाठ ताठ झाली.

निळ्या पाण्यावरून, हिरव्या पाण्यावरून, उडत्या मासळीच्या रुपेरी कमानींखालून ते गलबत चाललं. हाजींनी इहराम बांधायची जागा जवळ आली, तशी नानांनी अंघोळ केली आणि बिनशिवणीच्या दोन पांढऱ्या चादरी अंगावर घेतल्या. सफूराने धुतलेला साधा झगा घातला. नाना म्हणाले, "आता राजा असो की कोळी, सगळे सारखेच दिसणार." मग त्यांनी आवाज लावला, "लब्बैक, अल्लाहुम्मा लब्बैक. हजर आहे, अल्लाह, मी हजर आहे." वाऱ्याने ते शब्द उचलले आणि पुढे नेले.

जेद्द्याच्या बंदराला लागताच गलबताच्या पाकळ्या पाण्यात विरघळून गेल्या. तिथून उंटांच्या काफिल्याबरोबर मक्केला पोचल्यावर सफूराने काबा पाहिला. काळ्या वस्त्राचा, सोनेरी अक्षरांचा, आणि भोवती माणसांचा पांढरा भोवरा संथ फिरणारा.  नानांनी सफूराचा हात घट्ट धरला. तिच्या खांद्यावर भार टाकत, थांबत, श्वास घेत, त्यांनी काब्याभोवती सात फेऱ्या पुऱ्या केल्या.

पण पुढे सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमधली वाट होती. याच वाटेवर हाजराबीबी आपल्या तान्ह्या बाळासाठी पाणी शोधत धावली होती, आणि बाळाच्या पायापाशी जमजमचा झरा फुटला होता. म्हणून सगळे हाजी तिथे येरझाऱ्या घालतात. नाना पहिल्याच चढावर खाली बसले. गुडघे लाकडासारखे झाले होते.

"इतकंच होतं नशिबात," ते पुटपुटले.

सफूराने दुसरी कळी काढून त्यांच्या गुडघ्यांवर ठेवली. "नानांना चालू दे," ती म्हणाली. कळी मऊ उजेडासारखी विरघळून गेली. नानांनी एक पाय उचलला, मग दुसरा, आणि असे निघाले की सफूरालाच मागे धावावं लागलं. येरझाऱ्या संपल्यावर दोघांनी ओंजळ ओंजळ जमजम प्यायलं. सफूराने सोबतची भोपळ्याची तुंबडीही भरून घेतली.

मग मिना नावाच्या खोऱ्यात तंबूंची रात्र झाली आणि त्यानंतर अराफातचा दिवस उजाडला. हजचा सर्वांत मोठा दिवस. उघड्या माळावर लाखो माणसं उभी राहून देवाशी बोलत होती. कुणी रडत होतं, कुणी नुसते ओठ हलवत होतं. सफूरानेही हात पसरून मागितलं. नानांसाठी, सगुणकाकांसाठी, शिंजीरच्या पिल्लांसाठी. आणखीही कुणासाठी तरी मागितलं, पण ते अगदी हळू.

ऊन माथ्यावर आलं तेव्हा तिला एका खडकाशी बसलेली बाई दिसली. मांडीवर तान्हं बाळ. बाळाचे ओठ फुटले होते आणि रडायचंही त्याने सोडून दिलं होतं. बाईची भाषा सफूराला कळत नव्हती, पण ती गर्दीत पुन्हा पुन्हा कुणाला शोधते आहे ते कळत होतं. तिचा नवरा हरवला होता. सफूराने तुंबडी तिच्या हाती दिली. बाईने थेंब थेंब करून सगळं पाणी बाळाला पाजलं. तरी बाळाचं अंग चुलीसारखं तापलेलंच.

सफूराचा हात तिसरी कळी बांधलेल्या कमरेच्या गाठीकडे गेला आणि तिथेच थांबला. तिने नानांकडे पाहिलं.

"नाना, ही परतीची आहे."

"हो, बाळ."

"ही गेली तर आपण घरी कसे जाणार?"

नाना तिच्यासमोर उकिडवे बसले. "ते मला ठाऊक नाही," ते म्हणाले. "पण हाजराबीबी धावली तेव्हा परतीचं तिला तरी कुठे ठाऊक होतं? कळी तुझी आहे. तुझं मन सांगेल तसं कर."

सफूराला आपला उंबरा आठवला. झावळ्या, खाडी, बाग, सगळं आठवलं. डोळे भरून आले. तिने गाठ सोडली, तिसरी कळी तळहातावर धरली आणि म्हणाली, "या बाळाला त्याच्या बाबांपाशी पोचव."

कळी वर उडाली. उंच गेली, पसरली, आणि तिचा पिवळसर, कापसासारखा ढग झाला. बाळावर गार सावली पडली, तुषारांची बारीक भुरभुर झाली. सगळ्या निरभ्र आभाळात तेवढाच एक ढग. दुरून लोक मान वर करून पाहू लागले. त्यांच्यातूनच एक उंच माणूस वाट काढत धावत आला आणि बाईच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसला. बाळाने डोळे उघडून त्याची दाढी पकडली.

त्याचं नाव सालिम. तो मस्कतचा नाखवा, म्हणजे गलबताचा मालक होता, आणि कोकणच्या बंदरांत येऊन जाऊन त्याला मोडकंतोडकं मराठी बोलता येई. नानांची हकिकत ऐकून तो त्यांच्याकडे पाहतच राहिला. "माझा तांडेल आजारी पडून घरी गेला," तो म्हणाला. "तुमच्याच किनाऱ्याला माल न्यायचाय. गलबत जेद्द्याला उभं आहे आणि सुकाणूला माणूस नाही. चाचा, येणार का?"

नानांना हसू आणि रडू एकदमच आलं.

सूर्य मावळल्यावर सगळे मुजदलिफाला गेले. उघड्या आभाळाखाली सफूराने खडे वेचले आणि दुसऱ्या दिवशी मिनाला नानांनी ते सैतानाच्या खांबावर मारले. कुर्बानी झाली. नानांनी डोकं भादरलं. त्यांचा तुळतुळीत गोटा पाहून सफूरा इतकी हसली की सालिमचं बाळही हसायला लागलं. शेवटी काब्याला निरोपाच्या फेऱ्या घालून मंडळी बंदरावर आली.

परतीच्या वाटेवर एका पहाटे, कोकणचा डोंगर निळ्या रेघेसारखा दिसू लागला तेव्हा, सफूरा गलबताच्या नाळीवर, अगदी पुढच्या टोकाला, एकटी बसली होती. तिच्याशेजारी पिवळं ऊन साचलं आणि परी उभी राहिली.

"तिसरी कळी दुसऱ्याला दिलीस," परी म्हणाली. "म्हणून नानांचे गुडघे आता असेच बरे राहतील. सालिम त्यांना तुमच्याच बंदरावर आपला तांडेल करून घेणार आहे. तुमच्या घरावर कौलं चढतील, आणि तू उन्हं वर येईपर्यंत झोपायचं ठरवलंस तरी चूल पेटेल. आता मला एक सांग. अराफातवर शेवटी हळूच कुणासाठी मागितलंस? मला ऐकू आलं नाही."

सफूरा लाजली. "तुझ्यासाठी," ती म्हणाली. "तुझं नाव ठाऊक नव्हतं, म्हणून 'ती पिवळी' असं सांगितलं."

 कितीतरी वर्षं परी देत आली होती, पण तिच्यासाठी कुणी काही मागितलं नव्हतं. तिच्या गालावरून दवाएवढा एक थेंब ओघळला आणि तो ओघळता ओघळता चमकू लागला. मग तिचे पंख चमकले, केस चमकले, आणि सगळी परीच लखलखीत उजेड होऊन पाण्यावर पसरली. खाडीच्या तोंडापासून गलबतापर्यंत एक सोनेरी वाट तयार झाली.

नानांनी सुकाणू वळवलं आणि गलबत त्या वाटेने घराकडे निघालं. ती वाट पाहून धक्क्यावर गाव जमलं होतं. सर्वांत पुढे, कमरेएवढ्या पाण्यात, सगुण पागी दोर झेलायला उभा होता.