दगडी पावलांचा राजा

एका राज्यात विक्रांतसेन नावाचा राजा होता. त्याची राणी शाल्मली घोडदौडीत कुणाला हार जात नसे. कपालकेतू नावाच्या मांत्रिकाने राजाला एक रत्नखचित सिंहासन भेट दिले. त्यावर बसले की थकवा जाणवत नसे, झोप येत नसे, आणि मनात येईल ते पक्वान्न पुढ्यात येई. राजा बसला तो बसलाच. ऋतू उलटले. एके सकाळी राणी नमस्कारास वाकली, तर राजाची पावले हाताला गार लागली. ती दगडाची झाली होती. पुढच्या पौर्णिमेस दगड पोटऱ्यांवर चढला.

राणीच्या जिवाला घोर लागला. घोड्यावर मांड टाकून ती अरण्यात गेली. तिथे बोलका धनेश पक्षी राहत असे.

"पक्षिराज, हा शाप कसा उतरेल?"

"तीन कामे आहेत."

"सांगावीत. राक्षसाशीही झुंजेन."

"ती तुझी नव्हेत, जो बसला त्याची आहेत. उगवत्या सूर्याला नदीच्या घाटावर आपल्या पायांनी जाऊन भेटावे. भूक लागल्यावरच, चुलीवर रांधलेले साधे अन्न, मावळतीआधी जेवावे. दिवेलागणीनंतर कारभार मिटून निजावे."

"किती दिवस?"

"रोज," म्हणून धनेश उडून गेला.

राजाने ऐकले आणि तो चिडला. "एवढ्याने दगड उतरतो होय?" तरी राणीच्या खांद्यावर हात टाकून तो उठला. पहिल्या दिवशी तो महाद्वारापर्यंतच पोहोचला. पक्वान्नांना चटावलेल्या जिभेला भाकरी-वरण गोड लागेना. अंथरुणावर तो टक्क डोळ्यांनी पडून राही. एका दुपारी मोह अनावर झाला, तो सिंहासनावर जाऊन बसला आणि दगड गुडघ्यांना भिडला. दुसऱ्या दिवशी मान खाली घालून त्याने पुन्हा काठी हाती घेतली.

शाल्मलीला धीर निघेना. रोज पहाटे ती राजाच्या पायांवरून बोटे फिरवी. दगड तेवढाच, तसाच गार. तलवार घेऊन धावून जावे असा शत्रू समोर नव्हता. ती दालनात येरझारा घाली, आपले ताट न जेवताच दूर सारी.

"तू जेवलीस का?" राजा विचारी.

"भूक नाही, महाराज."

असे दिवस जात असता कपालकेतू सोन्याचा पेला घेऊन दारी आला. "राणी, कशाला हे कष्ट? याचा एक घोट, आणि सूर्य मावळायच्या आत पाय मोकळे. महाराजांनी पुन्हा आसनावर बसावे, एवढेच मागणे."

राणीचा हात आपसूक पेल्याकडे गेला.

"थांब," राजा म्हणाला. "आज घाटावर माझ्या टाचेला खडा टोचला."

राणी वळली. "टोचला? दगडाला?"

"कळ मस्तकात गेली. तुला सांगणार होतो. म्हटले, उद्या पुन्हा टोचतो का पाहू, उगाच तुला आशा नको."

त्याने पेला घेतला आणि सिंहासनावर उपडा केला. रत्ने काळी पडली, आसन मधोमध दुभंगले, आणि कपालकेतू राखेची वावटळ होऊन खिडकीतून निघून गेला. राजाच्या गुडघ्यांवरून दगडाचे पापुद्रे सुटू लागले. सारे एकदम सुटले नाहीत. पण सुटू लागले, हे राणीने आपल्या डोळ्यांनी पाहिले.

त्या संध्याकाळी शाल्मली पोटभर जेवली आणि दिवा लागताच झोपली. इतकी गाढ, की सकाळची नौबतही तिला ऐकू आली नाही. जाग आली तेव्हा शेजारचे अंथरूण रिकामे होते. ती धडपडत खिडकीशी गेली. उन्हे कोवळी होती. खाली नदीच्या वाटेवर राजा एकटाच, अनवाणी, जरासा लंगडत, दर खड्यागणिक "आई गं!" म्हणून हसत घाटावरून परतत होता.