टिकू सापडत नाही

“आणि ते काय म्हणतं?”

“म्हणतं, टिकू नावाचं मॉड्यूल सापडत नाही.”

अचलगिरी बुवा चहा गाळत होते. सारंगने पुढे केलेल्या लॅपटॉपकडे त्यांनी पाहिलंही नाही.

या एका ओळीपायी सारंग डोंगर चढून मठात आला होता. पुण्यात त्याच्या हाताखाली चाळीस प्रोग्रामर होते, आणि चाळीसजणांच्या चुका तो बोलता बोलता काढत असे. ही एक मात्र त्याला चार महिने पुरून उरली. बुवांनी संन्यास घेण्याआधी वीस वर्षं संगणकावर काढली होती. घोडं कुठे पेंड खातंय ते त्यांना बरोबर कळतं, असं त्याने ऐकलं होतं.

“काय काय केलंस?”

“सगळं केलं. प्रोग्रामिंगची भाषा काढून टाकली, पुन्हा इन्स्टॉल केली. तीनदा. जुनी आवृत्ती झाली, नवी झाली. फाइलींचे पाथ तपासले. शेवटी लॅपटॉपच नवा घेतला.”

“जुन्याचा काय दोष होता?”

सारंगला असल्या प्रश्नांची सवय नव्हती.

“प्रोग्राम कुणाचा?”

“माझ्या भावाचा. अवधूतचा... तो गेल्या वर्षी गेला.”

“माहीत आहे,” बुवा म्हणाले.

वडिलांच्या आवाजातल्या काही जुन्या कॅसेटी होत्या. त्यांत खरखर इतकी, की बोलणं कळतच नसे. ती खरखर काढून टाकणारा प्रोग्राम अवधूतने लिहिला होता. त्याच्या तेराव्याला सारंग गेला, भावाच्या संगणकावरून कॅसेटींचं रेकॉर्डिंग आणि प्रोग्रामची फाइल पेनड्राइव्हवर घेतली, आणि पानं मांडायच्या आत निघाला. वहिनीशी एक शब्द बोलला नाही. दोघा भावांचंच नऊ वर्षं बोलणं नव्हतं. आजारी वडिलांना कुणी ठेवून घ्यायचं यावरून बिनसलं ते बिनसलंच. ठेवून घेतलं अवधूतने. वडील गेले तेही त्याच्याच घरी.

“बुवा, मी बाबांचा आवाज विसरत चाललोय,” सारंग म्हणाला. “घरी एकटाच ते रेकॉर्डिंग लावून बसतो. नुसती खरखर येते. मध्येच एकदा खोकतात... तेवढंच.”

बुवांनी चहाचा पेला त्याच्यापुढे ठेवला.

“पहिली ओळ वाच.”

“इम्पोर्ट टिकू.” टिकू नावाचा तुकडा आधी जोडून घे, एवढाच त्या ओळीचा अर्थ.

“टिकू कोण?”

“कोण म्हणजे? कोडची लायब्ररी असणार कुठलीतरी. सगळ्या जगाच्या भांडारात शोधलं. त्या नावाची एक मिळालीसुद्धा.”

“मग?”

“ती बसवली. तर आता म्हणतं, हिच्यात आवाज साफ करायचं काही नाहीच.”

“कसं असेल? ती परक्याची टिकू.”

सारंग वैतागला. तो काही कोडी सोडवायला आला नव्हता.

“प्रोग्राम आधी कुठे शोधतो?” बुवांनी विचारलं.

“हे तर पोरंसुद्धा सांगतील. स्वतःच्या फोल्डरात.”

“तिथे नसेल तर?”

“मग बाहेर.”

“आणि तू कुठे शोधलंस?”

सारंगने पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी करतो ती चूक त्याने केली होती. मुख्य फाइल उचलली होती आणि तिच्या शेजारची तिथेच सोडून आला होता.

“म्हणजे टिकू अवधूतनेच लिहिलीय... त्याच्याच संगणकावर आहे.”

बुवांनी स्वतःसाठी चहा ओतला.

“पण नाव हे असलं कसलं दिलं त्याने?”

बुवा उठले. कोनाड्यात देवाच्या पोथ्या होत्या, त्यांच्यामागे हात घालून त्यांनी एक लोकरीची टोपी काढली. लाल, लहान, एका बाजूला उसवलेली. ती त्यांनी लॅपटॉपच्या उघड्या बटणांवर ठेवली.

“अवधूत दर पौर्णिमेला यायचा. खांद्यावर बसवून आणायचा तिला. शेवटच्या खेपेला ही इथेच राहिली.”

“त्याच्या मुलीचं नाव शर्वरी आहे ना?” सारंग हळूच म्हणाला.

“पत्रिकेत आहे.”

तेराव्याला दारामागे एक सात वर्षांची मुलगी उभी होती. आपल्याकडे बघत होती, हे सारंगला आत्ता आठवलं. तिला घरात काय हाक मारतात, हे त्याने कधी कुणाला विचारलं नव्हतं.

बाहेर मठाचं अंगण रिकामं होतं. पायऱ्यांवर पाला साचला होता.

“अवधूत गेल्यापासून वर कुणी येत नाही,” बुवा म्हणाले. “पौर्णिमेला मी उगाच दोन पेले जास्त काढतो.”

तेराव्याला तसा निघून आल्यावर सारंगने आता वहिनीच्या दारात कुठल्या तोंडाने उभं राहायचं?

“फाइल काय, छोटीच असेल,” तो म्हणाला. “ऑफिसातला माणूस पाठवतो. नाहीतर कुणाला तरी सांगून मेलवर मागवून घेतो. मी जायलाच पाहिजे असं काही नाही... नाही का?”

बुवांनी लॅपटॉप मिटला. टोपी उचलून सारंगच्या हातात दिली.

“आता तिला ती होणार नाही,” ते म्हणाले. “तरी नेऊन दे.”