साळूच्या घरची पंगत

डोंगराच्या पायथ्याशी आपट्याचे एक झाड होते आणि त्या झाडाखाली बीळ करून एक साळू, म्हणजे साळिंदर, राहत असे. मुलांनो, दसऱ्याचे जेवण तिच्या अंगणात व्हायचे, ही त्या रानाची जुनी रीत. त्या दिवशी भुकेचे वैर बाजूला ठेवून कोल्हा आणि ससा एका पंगतीत बसत. आजवर हे सारे साळूच्या आईने निभावले होते. गेल्या पावसाळ्यात आई गेली आणि यंदाचे जेवण साळूवर आले. तिने आजवर कुणालाही जेवायला बोलावले नव्हते.

सणाच्या आधी कोल्हा येऊन म्हणाला, "साळूबाई, झेपत नसेल तर संकोच करू नकोस हो. यंदा पंगत फसली, तर पुढच्या वर्षीपासून सगळ्यांनी माझ्याकडेच यायचं. मी तसं सगळ्यांना सांगूनही ठेवलंय." तो गेल्यावर झुडपामागून ससा बाहेर आला. त्याचे कान थरथरत होते. "ताई, ह्याच्या घरी गेलो, तर मी पानासमोर बसणार की पानात असणार? काहीही कर, पण जेवण तुझ्याकडेच राहू दे."

दसऱ्याच्या दिवशी साळूला श्वास घ्यायला सवड नव्हती. म्हातारे कासव उशीर होऊ नये म्हणून आदल्या दिवशीच येऊन दाखल झाले होते. ते नेमके चुलीच्या वाटेवर बसले. साळू पाणी आणायला निघाली की कासव आडवे, सरपण आणायला निघाली की कासव आडवे. "आजोबा, जरा सरकता का?" असे तिने म्हटले की ते "हो हो, सरकतो की," म्हणे आणि ते सरकेपर्यंत चुलीवरचे करपू लागे. कावळा फांदीवरून सगळीकडे लक्ष ठेवून होता. "आईच्या घाऱ्या कशा टम्म फुगायच्या! ह्या झोपल्यात गं. अर्थात, मला काय करायचंय? मी आपलं दिसलं ते बोललो." ससा तर दर थोड्या वेळाने आत डोकावत होता. "ताई, काकडी कडू नाही ना? चाखलीस का? दोन्ही टोकांकडून चाखलीस का?" साळू चिडली की तिच्या पाठीवरचे काटे आपोआप उभे राहत. त्या दिवशी तिने ते किती वेळा दाबून बसवले, ते तिचे तिला ठाऊक. "करतेय ना मी," एवढेच ती म्हणे आणि पुन्हा चुलीकडे वळे.

अखेर पळसाच्या पानांच्या पत्रावळी मांडल्या गेल्या. उकडलेले करांद्याचे कंद, कणसे, कोशिंबीर, सीताफळे आणि भोपळ्याच्या घाऱ्या असे सगळे वाढून झाले. पाहुणे ओळीने बसले. आणि बसूनच राहिले. कुणी घास उचलेना.

साळूला वाटले, पाणी राहिले असेल. तिने पाणी ठेवले. मीठ राहिले असेल. तिने मीठ वाढले. "काही हवंय का?" तिने विचारले. "छे छे, सगळं अगदी छान आहे," कावळा म्हणाला आणि पानाकडे नुसता बघत बसला. घाऱ्या निवत चालल्या. सीताफळांना मुंग्या लागल्या. कासवाने मान आत घेतली, बाहेर काढली आणि पुन्हा आत घेतली. साळू वाढपाची पळी हातात धरून उभीच होती. पंगतीत सर्वांत वडील कासव, तेव्हा ते काहीतरी बोलेल आणि जेवण सुरू होईल, अशा आशेने ती त्याच्याकडे पाहत होती. कासव तिच्याकडे पाहत होते. एवढ्यात तिचे लक्ष कोल्ह्याकडे गेले. भुकेने त्याला आता धीर धरवत नव्हता. त्याची नजर घाऱ्यांवरून हळूहळू शेजारी बसलेल्या सशाकडे वळली होती. ससा सरकत सरकत पंगतीच्या बाहेर गेला होता.

आता मात्र साळूचा तोल सुटला. पाठीवरचे सारे काटे खडखडत उभे राहिले. "अहो, जेवणार आहात की एकमेकांची तोंडं बघत बसणार आहात? पहाटेपासून राबतेय मी! घाऱ्या झोपल्या असतील, काकडी कडू असेल, पण घरात आहे ते हेच आहे. कोल्हेमामा, समोर बघा. पानात! जेवा सगळे!"

सगळ्यांच्या माना एकदम खाली गेल्या. घटकाभर अंगणात फक्त चावण्याचा आवाज होता.

साळू ओशाळली. कासवाजवळ बसून हलकेच म्हणाली, "आजोबा, चुकले मी. आई कधी पाहुण्यांवर अशी ओरडली नसती."

"नसती ओरडली," कासव तोंडातला करांदा सावकाश चावत म्हणाले. "ती हात जोडून हळूच म्हणायची, 'सावकाश होऊ द्या.' तू आत कामात असायचीस, तुला कुठून ऐकू येणार? पण ते ऐकल्याशिवाय आम्ही कधी घास उचलला नाही. ज्याचं घर, त्यानंच सांगायचं असतं, पोरी."

"मी तर तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते! मग तसं मला सांगायचं नाही का?"

"दुसऱ्याच्या घरात बसून मी कसं सांगणार?" कासव म्हणाले. "तो करांदा वाढ जरा."

कोल्ह्याने पाचवी घारी उचलली. कावळ्याने मुद्दाम विचारले, "काय मामा, मग पुढच्या वर्षी तुमच्याकडे ना?"

"नको रे बाबा," भरल्या तोंडाने कोल्हा म्हणाला. "इतकं दरडावून जेवायला घालणारं माझ्या घरी कोण आहे? आपलं इथंच बरं."

हे ऐकले आणि ससा सरकत सरकत आपल्या पत्रावळीवर परत आला. साळूने एक पत्रावळ स्वतःसाठी घेतली. बसायला जागा एकच उरली होती. पंगतीच्या टोकाची, चुलीजवळची, आई बसायची ती. साळू क्षणभर थांबली, मग तिथेच बसली आणि निवलेली घारी खाऊ लागली.

तात्पर्य : घरातले वडीलधारे गेले की त्यांचे काम आपल्याकडे येते, पण ते कुणी हातात आणून देत नाही. कुणीतरी सांगेल म्हणून थांबू नये. त्यांच्याइतके गोड जमले नाही, तरी आपल्याच तोंडाने बोलावे, कारण सगळे त्यासाठीच खोळंबलेले असतात.