खडखडणारा पत्रा

गाड्या आपसात बोलायच्या त्या काळातली गोष्ट. एका म्हाताऱ्या कॅम्पर व्हॅनचं इंजिन पाण्यानं नव्हे, वाऱ्यानं थंड व्हायचं. घाटात तिला धाप लागायची, म्हणून सिद्राम मिस्त्रीनं तिला नवे, मोठे पिस्टन बसवले.

इंजिनाभोवतीचा जुना पत्रा खडखडला, तसे पिस्टन तोऱ्यात म्हणाले, "मिस्त्री, हा खुळखुळा काढा. जोर आम्ही लावतो, हा नुसता आवाज करतो."

"काढा खुशाल," पत्रा शांतपणे म्हणाला. "पंख्याचा वारा तुमच्यापर्यंत मीच वळवून आणतो. जोर वाढला की धगही वाढणार. घाटात हाक मारा, मी आहेच."

मिस्त्रीही नव्या पिस्टनांवर खूश होता. त्यानं पत्रा काढून मागच्या सीटखाली टाकला.

मग तो व्हॅन घेऊन घाट चढू लागला. अर्ध्या घाटात पिस्टन तापून अडकायला लागले. पंखा जीव तोडून फिरत होता, पण वारा भलतीकडेच जात होता. मिस्त्रीनं गाडी थांबवली, इंजिन निवू दिलं आणि मुकाट्यानं पत्रा जागेवर बसवला. गाडी सुरू होताच पत्रा वारा वळवायला लागला.

व्हॅन झपाट्यानं माथ्याकडे निघाली. एका वळणावर खडखड थांबली आणि पिस्टनांचा जीव खाली-वर झाला.

"पत्रेकाका, आहात ना?"

पत्रा मुद्दाम एकदा खडखडला.