वळणावर पडलेला पैलवान

"…आणि पुन्हा पडलो तर, वस्ताद?"

हिंदुराव वस्ताद तालमीच्या हौदात लिंबू पिळत होते. लाल मातीत ताक, हळद, तेल घालायचं काम ऐंशीव्या वर्षीही ते दुसऱ्या कुणाला देत नसत. उत्तर तर कुणालाच देत नसत.

सुकुमार मगदूम दारात उभा होता. एकेकाळी याच तालमीचा पठ्ठ्या. उसाच्या ट्रॉलीखाली डावा पाय गुडघ्याखालून गेला, तेव्हा गड्यानं कुस्ती सोडून पळायला घेतलं. कार्बनच्या पात्याच्या कृत्रिम पायावर पळून पॅरालिम्पिकचं रौप्यपदक आणलं. गावानं हत्तीवरून साखर वाटली.

आठ महिन्यांपूर्वी मात्र भर शर्यतीत तो वळणावर तोंडघशी पडला. जखमा भरल्या. पण तेव्हापासून वळण आलं की अंग आखडायचं आणि वेग मरायचा. उंटावरच्या सगळ्या शहाण्यांचे सल्ले घेऊन झाले होते. निवड चाचणी आठ दिवसांवर आली होती, आणि ती हुकली तर पुढचं पॅरालिम्पिक विसरायचं होतं.

त्यानं मोबाईल पुढे केला. "हे बघा वस्ताद, पडतानाचा व्हिडिओ. पात्याचा कोन कुठं चुकला, ते कोचनी मोजून काढलंय."

"आत ये."

तो हौदाकडे निघाला.

"पायताण भाईर."

सुकुमारचा पारा चढला. "हे पायताण न्हाई, वस्ताद. पाय हाय माझा. ह्यानंच पदक आणलंय."

"मग बोटं दाव त्याची."

बैठका मारणारे पैलवान थांबले. एक जण फिसकन हसला.

सुकुमार हसला नाही. या तालमीत कुणीही त्याचा तुटका पाय पाहिला नव्हता. तेवढ्यासाठी तर तो दहा वर्षं इकडे फिरकला नव्हता…

शेवटी तो हौदाच्या कडेला बसला. पातं काढलं, आतला रबरी मोजा काढला. लालबुंद झालेल्या खुंटाला वारं लागलं. पैलवानांनी पाहिलं, आणि पुन्हा बैठका सुरू केल्या.

एका पायावर उड्या मारत तो हौदाच्या मधोमध आला. वस्तादांनी त्याच्या छातीला नुसतं बोट लावलं.

सुकुमार आडवा.

"ऊठ."

उठला. पुन्हा बोट, पुन्हा आडवा.

"ऊठ."

तिसऱ्यांदा तो चिडला. पाचव्यांदा दातओठ खाऊन त्यानं वस्तादांचा हातच धरला, आणि तरीही पडला. सातव्यांदा मात्र अंग आखडायचंच विसरलं. तो पडला, लोळला आणि लोळता लोळता हसत सुटला. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्याला हायसं वाटलं.

"वस्ताद… काय सुदीक झालं न्हाई."



सुकुमार उठून बसला. अंगावरची माती झटकता झटकता म्हणाला,

"पण तितं माती नसती, वस्ताद. रबराचा ट्रॅक असतोय. सालटी निघत्यात."

वस्तादांनी त्याचं मनगट धरलं.

"मग ही माती झाडू नगंस."