रेघ नवी झाली तेव्हा

कॉम्प्युटर खोक्याएवढे होते तेव्हाची ही गोष्ट. अनसूयामावशीच्या पिठाच्या गिरणीतल्या कॉम्प्युटरात चिठ्ठी नावाचा प्रोग्रॅम राहायचा. कुणाचा डबा, त्यात कोणतं धान्य, हे ती डब्यावर लावायच्या कागदी चिठ्ठीवर छापायची. अक्षरं ती शेजारच्या अक्षरी नावाच्या प्रोग्रॅमकडून उसनी घ्यायची, पण तोरा असा की सगळं हिचंच.

एके सकाळी कागदावर अक्षरांऐवजी नुसते चौकोन उमटले. ज्वारीवाल्याच्या डब्यात नाचणीचं पीठ गेलं. मावशी म्हणाली, "संध्याकाळपर्यंत सुधारली नाही तर पुसून टाकते हिला."

चिठ्ठी आधी प्रिंटरवर घसरली.

"मी हमाल गं बाई," प्रिंटर म्हणाला. "देशील ते उतरवतो."

मग ती अक्षरीकडे गेली.

"मी आहे तशीच आहे," अक्षरी म्हणाली. "अक्षरांच्या रेघा मी रेघ नावाच्या प्रोग्रॅमकडून आणते. तिला विचार."

रेघ नटून बसली होती. "मी काल नवी झाले. अक्षरीनं जुन्या नावानं हाक मारली तर आता ओ देत नाही."

"मग सांगायचं नाही का, भवाने?"

"लेखी विचारलं होतं, बदलू का म्हणून. तू न वाचताच हो म्हणालीस."

जन्मभर लोकांना चिठ्ठ्या वाचायला लावल्या आणि स्वतः एक वाचली नाही. चिठ्ठीनं अडगळीतली जुनी रेघ परत आणून बसवली.

संध्याकाळी मावशीनं छापलेला कागद डोळ्यांजवळ धरला. ज्वारी, स्वच्छ. खाली बारीक अक्षरात एक ओळ जास्तीची होती: अक्षरं अक्षरीची, रेघा जुन्या रेघेच्या, कागदावर उतरवल्या प्रिंटरनं.

"आणि तू काय केलंस गं?" मावशीनं विचारलं.