मिठाचा एक

“…आणि मग आजपासून मठीची चूल तिच्याकडेच! बुवा स्वतः म्हणाले म्हणे, आजच्या नैवेद्यात जर तिने…”

“जर तिने काय, सरू? काय?”

तेवढ्यात गिरणीवाल्याने पट्टा चढवला. घरघर सुरू झाली. सरूचे ओठ हलत होते, हात हलत होते, भुवया पार कपाळावर गेल्या होत्या. मला एक अक्षर ऐकू आलं नाही.

पिठाचा डबा काखोटीला मारून ती गेलीसुद्धा.

अर्धी बातमी घेऊन घरात बसणं मला जमत नाही. माझं दळण मी तिथेच ठेवलं आणि थेट मठीत गेले. मठी आमच्या कुंपणाला लागूनच आहे, त्यामुळे मुद्दाम गेले असं कुणी म्हणू शकत नाही.

बुवा ओटीवर बसले होते. ऐंशीच्या घरातले. बोलणं अगदी कमी. लांबून लांबून माणसं येतात, जन्ममरणाचं विचारतात, आणि बुवा त्यांना विचारतात, “जेवलात का?”

“बुवा, ते चुलीचं…” मी सुरुवात केली.

“जेवायला या, वहिनी,” बुवा म्हणाले.

झालं. आता यापुढे काय विचारणार?

आमच्या मठीत कानात मंत्र सांगत नाहीत, की गळ्यात माळ घालत नाहीत. बुवा ज्याच्या हाती चूल देतात तो त्यांचा शिष्य, एवढंच. भीमाआक्कांकडे ती कित्येक वर्षं होती. त्यांना दिसेनासं झालं, भाची येऊन घेऊन गेली. तेव्हापासून चूल कुणाचीच नव्हती. आणि ती आपल्याला मिळावी म्हणून हेमांगी वर्षभर मठीत येऊन राहिली होती.

हेमांगी रत्नागिरीची. तिचे मोदक गणपतीत मुंबईपर्यंत जायचे. सगळ्या ऑर्डरी बंद करून ही पोर बुवांच्या पायाशी आली. बुवांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. विळी पुढे केली आणि म्हणाले, “भाजी चीर.”

वर्षभर तिने भाजी चिरली. आज वैशाखातली चतुर्थी, आणि पहिल्यांदाच नैवेद्य तिच्या हातचा.

मी मागच्या दाराने स्वयंपाकघरात डोकावले.

“या वहिनी, या! फणस बघा कसा निघालाय!”

परसातला बरका फणस. हाताला खोबरेल चोपडून तिने गरे काढले होते, आठळ्या बाजूला केल्या होत्या, आणि गरे चाळणीवर घासून रस काढला होता. कढईत रस, गूळ आणि ओलं खोबरं रटरटत होतं. वास असा सुटला होता, की कुंपणापलीकडे माझा नवरासुद्धा खोकला.

“मला तर बाई हे सात जन्मांत जमायचं नाही,” मी म्हटलं.

“काय कठीण आहे त्यात? सारण कढईची कड सोडायला लागलं की उतरवायचं. उकडीला पाणी उकळायचं, चमचाभर तूप, चिमूटभर मीठ. पिठी घालायची, झाकण ठेवायचं, एक वाफ. मग गरम असतानाच मळायची. हात पोळतो, पण तेवढं सोसायचं. सोपं आहे हो.”

सोपं आहे, असं ती म्हणत होती आणि बोटं अशी चालत होती, की बघत राहावं. पारी केली, सारण भरलं, कळ्या पाडल्या, मुरडून टोक काढलं. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं असे मोदक. लिंबाएवढे, सगळे एका मापाचे.

आता मठीचा एक नेम आहे, तो सांगायला हवा. नैवेद्याच्या एकवीस मोदकांत एक मिठाचा असतो. आत गोड सारणाऐवजी खोबरं आणि मीठ. बाहेरून ओळखू येत नाही. नैवेद्य दाखवून झाला की ताट बुवांपुढे येतं. बुवा एकेक उचलतात. मिठाचा तोंडात आला की थांबतात, हात धुतात. उरलेले आम्हा शेजाऱ्यांच्या पानात.

त्यामुळे बुवांना मीठ लवकर लागावं, अशी आमची सगळ्यांची फार मनापासून प्रार्थना असते.

“यातला मिठाचा कुठला गं?” मी हळूच विचारलं.

हेमांगी हसली. “सांगितलं तर गंमत काय राहिली?”

“आणि सरू म्हणत होती ते चुलीचं…”

“वहिनी!” तिचे डोळे चमकले. “तुमच्याही कानावर आलं?”

म्हणजे तिच्याही कानावर होतं. माझ्या अंगावर काटाच आला.

दुपारी पंगत बसली. मी मुद्दाम बुवांच्या समोरची जागा धरली. सरू माझ्या शेजारी. केळीच्या पानांवर वरणभात वाढला गेला. आणि मग हेमांगी ताट घेऊन आली.

वाफाळलेले एकवीस मोदक, वर तुपाची धार. पारी इतकी पातळ, की आतला पिवळा रंग दिसत होता.

बुवांनी पहिला उचलला. तोंडात घातला. डोळे मिटले.

“गोड,” ते म्हणाले.

हेमांगी फुलली. बुवा जेवताना बोलत नाहीत. सरूने मला असं कोपर मारलं, की माझं वरण सांडलं.

दुसरा.

“गोड.”

तिसरा, चौथा…

“गोड.”

“झाली गं चूल हिची,” सरू कुजबुजली.

ताट निम्मं झालं. बुवांना हल्ली चार घासांच्या वर जात नाही, हे सगळ्या वाडीला माहीत आहे. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. चावायला वेळ लागत होता. तरी प्रत्येक मोदकामागे तोच शब्द, आणि तोही प्रत्येक वेळी जरा अधिक दमलेला.

“गोड…”

“आज काही आपल्यापर्यंत येत नाही,” सरू म्हणाली. मी तिला गप्प केलं, कारण माझं लक्ष हेमांगीकडे गेलं होतं. ती खांबाला टेकून उभी होती. मघाचा रंग तोंडावर उरला नव्हता.

बुवांचा हात ताटावर थांबला.

“हेमांगी, मीठ कुठे आहे?”

“आहे की, बुवा.”

“कशात?”

तिने मान वर केली. पोर हुशार!

“सगळ्यांतच आहे. उकडीत चिमूटभर घातलं होतं. म्हणजे प्रत्येक मोदकात थोडं थोडं आलंच.”

पंगतीत कुणीतरी “वा!” म्हटलं. मलाही वाटलं, आता बुवा खूश होतात. ग्रंथात असतं तसं उत्तर होतं.

बुवाही हसले.

“छान,” ते म्हणाले. “मग मी थांबू कुठे?”

आणि पुढचा उचलला.

“गोड.”

हेमांगी धावत पुढे आली. गुडघ्यांवर बसून तिने दोन्ही तळवे ताटावर झाकण घातल्यासारखे धरले.

“पुरे, बुवा. तुम्हाला त्रास होईल.”

“पुरे म्हणणारा मी कोण? मिठाचा म्हणेल.”

“मिठाचा नाहीय त्यात.”

पंगतीतल्या सगळ्यांचे हात पानावरच थांबले.

“केलाच नाही मी,” ती म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता. “करायला बसले होते. खोबऱ्यात मीठ कालवलं. वाटी अजून तिथेच आहे. पण हात पुढे जाईना… माझ्या हातचा मोदक, आणि खाणाऱ्याने तोंड वाकडं करायचं? आजवर कुणी केलं नाही, बुवा. एकानेही नाही. आणि आज, चूल मिळायच्या दिवशी…”



बुवा तिच्याकडे बघत राहिले. रागाने नाही. आंब्याला मोहोर किती आलाय ते बघतो ना आपण, तसं.

मग त्यांनी एका बोटाने तिचा हात ताटावरून हळूच बाजूला केला.

पुढचा उचलला.

“गोड.”

“अगं, ते थांबत नाहीयेत!” मी ओरडले. हो, पंगतीत बसून ओरडले.

हेमांगी उठली ती आत पळाली. आणि मी? उष्ट्या हाताने तिच्या मागे. शेजारधर्म असतो.

परातीत उकडीचा एवढासा गोळा राहिला होता. वरून वाळला होता, भेगा पडल्या होत्या. तिने पाण्याचा हात लावला, दाबला, पारी करायला घेतली. पारी फाटली. पुन्हा गोळा केला.

बाहेरून आवाज आला. “गोड.”

सकाळी न बघता पडत होत्या त्या कळ्या आता काही केल्या पडेनात. एक जाड, एक बारीक, एक पडलीच नाही.

“दे इकडे, मी मिटते,” मी म्हटलं.

“नको वहिनी. माझा आहे.”

खारं खोबरं आत कोंबलं. टोक कसंबसं मुरडलं, ते एका बाजूला कललं. मोदक पात्रात ठेवला, झाकण घातलं, आणि ती झाकणावर हात ठेवून उभी राहिली. चटका बसत असणार. तिला भान नव्हतं.

“गोड…”

“झाला असेल का हो?”

“अगं, वाफ तरी धरू दे!”

“गोड…” हा शब्द म्हणजे नुसता श्वास होता.

तिने झाकण काढलं. मोदक पोटात उकलला होता. चिरेतून खोबरं बाहेर आलं होतं. एखाद्या पोराने चिखलाचा करावा तसा मोदक. तिने तो हातावरच घेतला आणि या हातावरून त्या हातावर झेलत बाहेर आली. मी मागून “फुंकर घाल, फुंकर घाल” करत.

बुवांच्या ताटात तीन उरले होते.

तिने मोदक पुढे केला. बुवांनी ओंजळ केली. बराच वेळ त्या वेड्यावाकड्या मोदकाकडे बघितलं. वळवून सगळीकडून बघितलं. आधीच्या एकाकडेही त्यांनी असं बघितलं नव्हतं.

मग सगळाच्या सगळा तोंडात घातला.

त्यांचं तोंड वाकडं झालं. डोळे गच्च मिटले, डोळ्यांतून पाणी आलं. गडबडीत तिने मीठ अजून वरून टाकलं असणार. हेमांगी बघत होती. मान फिरवून घेईल असं मला वाटलं. फिरवली नाही. पूर्ण बघितलं तिने.

बुवांनी गिळलं. तांब्या उचलला. ताटाबाहेर हात धुतले.

आणि असा लांब श्वास सोडला, की सगळ्या पंगतीने सोडला.

“झालं,” बुवा म्हणाले, आणि ताट आमच्याकडे सरकवलं.

तीन मोदक आणि आम्ही एवढी माणसं. पण त्या दिवशी कुणी हात लावायला पुढे होईना. सरूसुद्धा नाही.

“चुकलं, बुवा,” हेमांगी म्हणाली. “मी… मी उद्या सकाळच्या एसटीने जाते. विळी घासून ठेवते.”

बुवा पंच्याला हात पुसत होते. एकेक बोट सावकाश.

सकाळपासून माझा जीव टांगणीला लागलेला. गिरणीत दळण तसंच. पोरीच्या डोळ्यांत पाणी. आणि हे आपले बोटं पुसतायत!

“अहो बुवा!” मला राहवलंच नाही. “तिला चूल द्यायची की नाही, ते एकदा सांगून टाका! सगळ्या वाडीत बोभाटा झालाय, आज चूल हेमांगीला मिळणार म्हणून! खरं आहे की खोटं?”

पंगतीत हसू फुटलं. हेमांगीने मात्र मान वर केली नाही.

बुवांनी माझ्याकडे बघितलं. मग तिच्याकडे.

“मिठाचा हेमांगी करील,” ते म्हणाले. “दर चतुर्थीला.”

हेमांगीने चटकन वर बघितलं. पोळलेला तळवा तिने दुसऱ्या हातात धरून ठेवला होता.

“अहो, पण मग गोडाचे?” मी विचारलं. “ते वीस कुणी करायचे?”

बुवा खांबाला धरून उठले.

“ते काय…” ते म्हणाले, “तुम्हीसुद्धा कराल, वहिनी.”